काडतूस भरणारे हात



या व्याख्यानमालेला आम्ही पुष्कळ वर्षे मागल्या सतरंजीवर बसून येत आलो. पुढे येऊन बोलण्याचा प्रसंग या खेपेस प्रथमच आला. विषय कोणता, असे चिटणीसांनी विचारले तेव्हा आम्ही ‘काडतूस’ म्हणालो, आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कामगारांत वावरणारा माणूस पगार, बोनस, ठेकेदारी यांवर बोलेल अशी त्यांची समजूत असावी. तेही सारे येणार आहे. पण तिकडे जाण्याची आमची आजची वाट बंदुकीच्या नळीतून जाते.

आमचा जन्म मुरबाड तालुक्यातला आणि संसार शहापुरास. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कसाऱ्याच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या झाले. तेव्हा पंडिताची शिस्त आमच्या बोलण्यात सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या चुलत्यांजवळ, त्यांना घरात सारे तात्या म्हणत, पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. लहानपणी आम्ही ती भरताना पाहिली आहे. नळीत दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचे. दारू किती? तर गज नळीच्या तोंडाबाहेर किती बोटे राहतो त्यावर ठरवायचे. तात्या गजाला बोटे लावीत, क्षणभर आकाशाकडे बघत आणि “बास” म्हणत. त्या ‘बास’चा हिशेब कोणत्याही पुस्तकात नव्हता. तो त्यांच्या वडिलांच्या बोटांतून त्यांच्या बोटांत आला होता.

पुढे पुष्कळ वर्षांनी बदलापुरास राहणाऱ्या, दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांशी आमची बैठक जमली. तात्यांच्या बोटांची गोष्ट ऐकून ते हसले नाहीत. म्हणाले, “आम्हीसुद्धा तेच करीत होतो. फक्त आमची बोटे काट्यावर होती.” त्या एका वाक्याने आम्हांस या विषयाचे वेड लागले. बोटांचे माप आणि काट्याचे माप यांच्यामध्ये काय घडले, आणि ते कोणी घडवून आणले, हे आम्ही तेव्हापासून शोधीत आहोत.

प्रथम काडतूस म्हणजे काय ते पाहू. हा शब्द आपला नव्हे. पिस्तूल या शब्दाप्रमाणे तोही पोर्तुगिजांकडून आला, आणि वसई-ठाण्याचा शेजार असलेल्या आपल्या मुलखात तो रुजला यात नवल नाही. रायफलीच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी केप, आत दारू आणि तोंडाशी गोळी. हे सारे वजन ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हटला की आपल्याला परका वाटतो, पण तो आपल्या सोनाराच्या फार जवळचा आहे. इंग्रजी अमलात तोळा ठरवला गेला तो बरोबर १८० ग्रेनांचा. तोळ्याच्या गुंजा ९६, तेव्हा एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. १९१० सालापासून इंग्रजी फौजेच्या थ्री-नॉट-थ्री रायफलीत जी गोळी चालू झाली तिचे वजन १७४ ग्रेन, म्हणजे तोळ्याला सुमारे तीन गुंजा कमी. तिच्यामागे दारू असे ती अदमासे वीस गुंजा. एवढ्याशा दारूने तोळाभर शिसे सेकंदाला २,४४० फूट वेगाने जाई. मंगळसूत्राच्या दोन वाट्या तोलाव्यात इतक्या जपून ज्याचे वजन करावे, त्याचा हा प्रताप.

आता हौशी नेमबाज, विशेषतः अमेरिकेत, आपली काडतुसे घरीच भरतात. कारखान्याचे काडतूस हजारो रायफलींना चालावे म्हणून केलेले असते. हा माणूस आपल्या एकाच रायफलीला मानवणारे काडतूस शोधीत असतो. त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. पुस्तकात दिलेल्या कमाल मात्रेच्या बऱ्याच खालून तो आरंभ करतो. थोडी काडतुसे भरतो, झाडतो, कागदावरची भोके पाहतो. मग मात्रा अगदी थोडी चढवतो. पुन्हा झाडतो. परंतु प्रत्येक वेळी लक्ष्याआधी तो पाहतो ती रिकामी पुंगळी. केप चपटी झाली आहे का, तिच्या कडेने काजळी सुटली आहे का, बुडाजवळ पितळ चमकले आहे का, बोल्ट उचलताना हाताला जड लागला का. पितळ बोलू लागले की तो थांबतो आणि एक पायरी खाली उतरतो. नेम आणखी चांगला लागेल या लोभाने जो थांबत नाही, त्याच्या तोंडाजवळ कधीतरी पोलाद फुटते.

चढवावे ते थोडे, पाहावे ते धातूकडे, आणि धातूने सांगितले की उतरावे. काडतूस भरण्याचे सगळे शहाणपण एवढेच. ते वाचताना आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. त्याचे कारण पुढे येईल.

आता इतिहासाकडे वळू, आणि आरंभ १८५७ पासून करू. काडतुसांवरून बंड झाले हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. एन्फील्ड बंदुकीचे कागदी काडतूस दातांनी फोडायचे, त्याला गाईडुकराची चरबी लावली आहे अशी वदंता उठली, आणि पुढचा वणवा. पण ही वदंता पहिल्याने कोणाच्या तोंडून निघाली? कलकत्त्याजवळ दमदम येथे दारूगोळ्याचे सरकारी कोठार व कारखाना होता. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्या वर्षाच्या जानेवारीत जे कळवले ते असे : तिथल्या एका खलाशाने, म्हणजे हलक्या समजल्या जाणाऱ्या जातीच्या मजुराने, एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्याने पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नाकारले. तेव्हा मजूर म्हणाला की, तुमची जात आता फार दिवस टिकायची नाही. गाईडुकराच्या चरबीचे काडतूस तुम्हांला दातांनी तोडावे लागणार आहे.

या गोष्टीत लोक चरबी पाहतात, आम्ही तो मजूर पाहतो. काडतुसाला काय लावतात हे शिपायाला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते ज्याच्या हाताखालून माल जात होता त्याला. एका लोट्याच्या अपमानाने त्याच्या तोंडून ते बाहेर पडले. त्याचे नाव इतिहासात नाही. पुढे सरकारने कवायत बदलून काडतूस हाताने फाडण्याची मुभा दिली, पण शिपायांचा विश्वास उडाला तो उडालाच. आत काय आहे हे ज्याला सांगितलेले नसते, त्याला वरून कितीही ग्वाही दिली तरी ती पोचत नाही. संपाच्या वाटाघाटींत आम्ही हे कितीदा अनुभवले आहे!

बंड मोडल्यावर सरकारने दोन धडे घेतले. पहिला असा की, हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणीपेक्षा एक पिढी जुने हत्यार ठेवायचे. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी शिपायाकडे त्याहून जुनी स्नायडर, आणि गोऱ्यांकडे थ्री-नॉट-थ्री आली तेव्हा हिंदी शिपायाकडे मार्टिनी. दुसरा धडा हा की, दारूगोळ्याची निर्मिती सरकारी आवारात बांधून घ्यायची. पुण्याजवळ खडकीचा कारखाना निघाला तो १८६९ साली. त्यानंतर नवव्या वर्षी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या अमदानीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना लागू लागला, गोऱ्यांना सूट मिळाली. कूर्गच्या कोडवा लोकांनाही राजनिष्ठेबद्दल सूट होती, आणि ती अजून चालू आहे. आमच्या ठाकूर-महादेव कोळ्यांना अशी सूट कोण देणार? माहुलीच्या आणि सिद्धगडाच्या रानात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या कमरेची दारूची शिंगे त्या कायद्याने परवान्याच्या कागदाला बांधली.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्याच काळात युरोपात दारूचे शास्त्र झपाट्याने पुढे चालले होते. ठासणी जाऊन मागून भरायची बंदूक आली. प्रशियाच्या ड्रायझेने बोल्टची बंदूक काढली, तिच्यावर माउझरने सुधारणा केली, आणि स्कॉटलंडात जन्मून अमेरिकेत गेलेल्या जेम्स ली या कारागिराच्या बोल्टवर इंग्रजांनी १८८८ साली आपली थ्री-नॉट-थ्री उभी केली. दाराच्या कडीसारखा तो बोल्ट. उचलून मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर, पुढे ढकलून खाली दाबला की नवे काडतूस आत आणि दार बंद. पण त्या दाराची खरी फट बुजवते ती पितळेची पुंगळी. दाबाने ती फुगून नळीला घट्ट चिकटते, धूर मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरताच आपोआप आकसून सुटते. दहा भागांत सात तांबे आणि तीन जस्त असे हे पितळ. त्याचा लवचिकपणा नसता तर बोल्टची रायफल झालीच नसती.

या रायफलीत आरंभी काळी दारूच भरीत, सुमारे ७० ग्रेन. तीनचार वर्षांतच कॉर्डाइट नावाची धूर न करणारी दारू आली आणि ३० ग्रेनांच्या आसपास मात्रेत अधिक वेग मिळू लागला. कॉर्डाइट दिसायला शेवयांसारखे. त्याच्या शेवयांची जुडी पुंगळीत आधी घालीत आणि मग पुंगळीची मान आवळीत, कारण आवळलेल्या मानेतून ती जुडी आत जाणेच शक्य नव्हते. म्हणजे फौजेचे काडतूस घरी भरण्याची वाट तिथेच अर्धी बंद झाली. उरलेली अर्धी केपेने बंद केली. केपेच्या दोन तऱ्हा आहेत. बॉक्सर या इंग्रजाच्या तऱ्हेत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते, त्यातून सळई घालून जुनी केप सहज पाडता येते. बर्डन या अमेरिकन माणसाच्या तऱ्हेत भोके बाजूला आणि मध्ये ऐरण, त्यामुळे केप काढणे महाकठीण. गंमत अशी की, अमेरिकनांनी इंग्रजाची तऱ्हा घेतली आणि घरोघर काडतुसे भरू लागले. इंग्रजांनी फौजेसाठी अमेरिकनाची घेतली आणि तीच इकडे आली. शिवाय चिखलातही चालावी म्हणून या रायफलीची कोठी सैल ठेवलेली. त्यात पुंगळी एकदाच इतकी ताणली जाते की दोनचारदा भरल्यावर बुडापाशी तुटू लागते.

आता या दोन दारूंमधला फरक पाहा, कारण जीव जातात ते त्यावरून. काळी दारू ढोबळ स्वभावाची आहे. बोटभर इकडेतिकडे झाले तर ती खांद्याला धक्का देऊन सोडते. नव्या दारूला तसा अंदाज चालत नाही. तिच्या चिमटीत काळ्या दारूच्या मुठीचा जोर असतो, आणि जुन्या ठासणीच्या नळीत ती गेली तर नळी चिरफाळते. म्हणून नव्या दारूबरोबर काटा आला, तक्ते आले, परीक्षा आली. हे सारे ज्ञान खडकीत आले, नीलगिरीतल्या अरुवनकाडूच्या कॉर्डाइट कारखान्यात आले, दमदमला आले. दमदमला तर १८९६-९७ मध्ये कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाशी शिसे उघडे ठेवलेली, अंगात शिरून पसरणारी गोळीच तयार केली. तिने इतक्या भयंकर जखमा होत की १८९९ साली हेगच्या परिषदेने तसल्या गोळ्यांना बंदी केली, आणि एका हिंदुस्थानी गावाचे नाव जगाच्या कोशांत शिवीसारखे राहून गेले. मात्र मुरबाडच्या शेतकऱ्याकडे त्या ज्ञानातले काही आले नाही. त्याला बोटांच्या मापावरच ठेवले. कायद्याने त्याचे हत्यार पुरते काढून घेतले नाही, त्याला मागल्या शतकात थांबवले.

स्वराज्य आल्यावर १९५९ चा नवा शस्त्र कायदा झाला आणि १९६२ पासून लागू झाला. गोऱ्याकाळ्याचा भेद गेला, हे मोठे काम झाले. पण त्यातही पीकराखणीसाठी परवाना ठेवला तो ठासणीच्या बंदुकीचाच, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा गुन्हा राहिला. तो असावा असेच आमचेही मत आहे. घरोघर काडतुसे भरली जावीत असे आम्ही म्हणत नाही. ज्याला बोल्टची रायफल हवी त्याच्यासाठी इछापूरच्या सरकारी कारखान्याने .३१५ ची रायफल काढली. यंत्र बरेचसे थ्री-नॉट-थ्रीचेच, पण काडतूस निराळे, मूळ ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर रायफलीचे. फौजेतून चोरीस गेलेले काडतूस प्रजेच्या रायफलीत बसू नये म्हणून ही युक्ती. इंचाच्या बारा हजारांश भागाच्या फरकावर राज्याने आपली प्रजा आणि आपली फौज यांच्यामध्ये भिंत बांधली, असे म्हणायला हरकत नाही.

मधले एक पान आम्ही उलटून पुढे गेलो. ते आमच्या तालुक्याचे आहे. १९४२ च्या चळवळीत माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल भूमिगत झाले. नाभिक समाजात जन्मलेला, आदिवासी मुलांसाठी शाळा काढणारा, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी चालवणारा हा तरुण. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे कापून पाडले. आमच्या मते यात फार मोठी समज होती. काडतुसाच्या मोजणीत सरकारला हरवणे शक्य नव्हते. खडकीत थ्री-नॉट-थ्रीची काडतुसे यंत्रावर बनत होती. म्हणून त्यांनी हात घातला तो सरकारच्या यंत्राला चालवणाऱ्या तारेला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर पोलिसांनी त्यांना गाठले. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाई तिसाव्या वर्षी गेले. दर वर्षी २ जानेवारीस सिद्धगडावर माणसे जमतात, आम्हीही जातो. थंडीत त्या स्मारकापुढे उभे राहिले की आम्हांला नेहमी एक विचार छळतो. त्या अमलात सरकारी बंदुकांची काडतुसे भरणारे हात याच देशातले होते. कोणी पुण्याच्या पेठेतला, कोणी मावळातला, पोटासाठी पहाटे भोंग्याला जाणारा. त्याने दारू तोलली, केप बसवली, पेटी बंद केली. पेटी कोठे जाणार हे त्याला कोणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही.

स्वातंत्र्यानंतर असे कारखाने आपल्या दाराशीच आले. पन्नाशीच्या दशकात अंबरनाथला संरक्षण खात्याचे दोन कारखाने उभे राहिले, आणि त्यांतल्या एकात काडतुसांच्या पितळी वाट्या होऊ लागल्या. चिनी आक्रमणानंतर जळगाव जिल्ह्यात वरणगावचा काडतुसांचा कारखाना १९६४ साली निघाला. वाटी म्हणजे काय, हे आम्ही अधिकाराने सांगू शकतो, कारण मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही स्वतः सहा वर्षे प्रेसवर होतो. आमचा माल काडतुसाचा नव्हे, साध्या पत्र्याचा. पण कर्म तेच. पत्र्याची चकती कापायची, ठोकून तिची वाटी करायची, वाटी ओढून नळी करायची. एका ओढीत नळी होत नाही. थोडे ओढायचे, मग भट्टीत तापवून धातूला मऊ करायचे, मग पुन्हा ओढायचे. धातू ताणाने कडक होतो, त्याला विसावा द्यावा लागतो. न देता ओढला तर काठाशी चीर पडते. हे आम्हांला कोणी पुस्तकातून शिकवले नाही; चीर पडलेला माल पगारातून कापला जाई, म्हणून कळले.

त्या कारखान्यात आमच्या शेजारच्या प्रेसवर शहापूरकडचा एक कातकरी मुलगा होता. पाळीला अमुक नग असे ठरलेले. दिवाळीच्या आधी मागणी वाढली आणि नग वाढवले. मुलांनी ते काढून दिले. पुढच्या महिन्यात पुन्हा वाढवले. तेही निघाले, पण आता जेवणाची सुट्टी आखडली, प्रेस गरम राहू लागला, क्लच अडू लागला. आम्ही मुकादमाला सांगितले. त्याने वर सांगितले की नाही, देव जाणे. तिसऱ्या वाढीला हात वाचवणारी जाळी काढून ठेवली, कारण जाळीने वेळ जातो. आठव्या दिवशी त्या मुलाची तीन बोटे डायखाली गेली. नोंदीत ‘कामगाराची बेपर्वाई’ असे लिहिले गेले. संघटनेच्या कामाला आम्ही लागलो ते त्या आठवड्यात.

मघाशी आम्ही पुस्तक मिटून बसल्याचे म्हणालो ते यासाठी. हौशी नेमबाज अर्धा ग्रेन दारू चढवताना केप चपटी झाली का, बोल्ट जड लागतो का हे पाहतो. इथे तीनदा मात्रा चढली, यंत्राने तीनदा सांगितले, आणि पुंगळी उचलून पाहणारा कोणी नव्हता. म्हणजे पाहणारे आम्ही होतो, पण उतरवण्याचा हक्क आमच्याकडे नव्हता.

दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार या बाबतीत आमच्यापेक्षा भाग्यवान म्हणायचे. त्यांची संघटना जुनी आणि जागती. संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचे अध्यक्षपद एस. एम. जोशी यांनी भूषवले, आणि जुलै १९६० मध्ये केंद्रीय नोकरांचा जो पाच दिवसांचा संप झाला त्याच्या नेत्यांतही अण्णा होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी या सगळ्या कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या. खडकी आणि वरणगाव एका कंपनीत गेले, काडतुसांच्या वाट्या करणारा अंबरनाथचा कारखाना दुसऱ्या. कामगारांनी संपाची भाषा केली तेव्हा त्याच वर्षी कायदा करून तो संप बंद करण्याचे अधिकार सरकारने घेतले. कंपनी चांगली की खाते चांगले, हा वाद आम्ही इथे घालीत नाही. पण जिथे पदार्थच असा आहे की चूक दुसऱ्यांदा करायला माणूस उरत नाही, तिथे ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क इतर कारखान्यांपेक्षा जास्त हवा, की कमी? २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात स्फोट होऊन ८ कामगार गेले. त्या दिवशी दुपारपासून बदलापूरच्या आमच्या त्या मित्रांनी टेलिफोन हातातून ठेवला नव्हता. भंडाऱ्याला त्यांचे कोणी नातलग नव्हते.

आणि या काट्यावरच्या कष्टांचे शेवटी काय झाले, तेही सांगितले पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात दोन अतिरेकी आपोआप झाडणाऱ्या रायफली घेऊन शिरले. तिथे असलेल्या काही पोलिसांच्या हाती त्याच जुन्या बोल्टच्या रायफली होत्या. एक गोळी झाडायची, बोल्ट उचलायचा, ओढायचा, ढकलायचा, दाबायचा. तेवढ्यात समोरून दहा येतात. त्या स्थानकात ५० हून अधिक माणसे मेली. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा, आमच्या तालुक्यातली माणसे रोज त्याच फलाटांवर उतरतात; त्या रात्री शहापुरात कितीतरी घरांत दिवे मालवले नव्हते. सैनिकाला १९६२ साली हिमालयात जे कळले होते ते स्थानकावरच्या शिपायाला सेहेचाळीस वर्षांनी कळावे, हा दोष काडतुसाचा नव्हता आणि शिपायाचा तर नव्हताच. तात्यांना बोटांच्या मापावर ठेवणारी आणि शिपायाला बोल्टवर ठेवणारी वृत्ती एकच, असे आम्हांला वाटते. चटकन पटणार नाही कदाचित, पण विचार करून पाहा.

तात्या आता नाहीत. शेवटची काही वर्षे त्यांची बंदूक नुसत्या आवाजापुरती राहिली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर डुकरावर छर्रे झाडायची सोय उरली नव्हती, म्हणून ते नुसती दारू ठासून रात्री एक बार काढीत आणि डुकरे भाताच्या खाचरातून उठून रानात जात. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. शेवटच्या नूतनीकरणाला आम्ही त्यांना घेऊन एका कचेरीत गेलो होतो. चौथी खेप होती ती. दर खेपेस एक कागद कमी निघे. त्या दिवशी सारे कागद भरले, आणि कारकुनाने रकाना वाचला : “वर्षात काडतुसे किती खरेदी केली?”

“काडतूस कशाला?” तात्या म्हणाले. “ठासणीची आहे ती, साहेब. दारू घालतो.”

“दारू किती?”

तात्यांनी उजव्या हाताची बोटे जुळवून टेबलावर आडवी धरली. “एवढी.”

कारकुनाने बोटांकडे पाहिले, रकान्याकडे पाहिले, शेजारच्या टेबलाला विचारले. मग त्या रकान्यात त्याने पूज्य लिहिले आणि शिक्का मारला.